समुद्रातली हराळी

कळंबा, कोल्हापूर
५ मार्च २००६

चि. वीरेश,

कळंब्याच्या एका म्हातारीचा आशीर्वाद. कोण म्हातारी, ते आठवत बस. आठवलं नाही तर खूण सांगते. दर रविवारी तू फोनवर तुझ्या आईशी अर्धा तास बोलतोस आणि ठेवता ठेवता "अज्जी बरी हाय न्हवं?" म्हणतोस. ती अज्जी मी. उत्तर ऐकायला तू थांबत नाहीस, म्हणून पत्रानं पाठवते. बरी हाय.

मला अक्षर येत नाही. लिहिते आहे ती तुझी आई. "शांते, बोलते तसंच लिही," म्हणून बजावलंय, पण ती मधेमधे कंसात तोंड घालते. तिकडं लक्ष देऊ नकोस. (अत्ती बोलतात तसंच्या तसं लिहिलं तर पोस्टमन पत्राला हात लावणार नाही. – आई)

आता कामाचं. कागलच्या एमआयडीसीत होतास तेव्हा तू बाहेरच्या सोप्यात ती काचेची टाकी मांडलीस. गोणीनं मीठ आणून घरात समुद्र करणारा आपल्या घराण्यात तू पहिला. मग खऱ्या समुद्राशेजारी चेन्नईला नोकरी धरलीस आणि हा खोटा समुद्र माझ्या गळ्यात टाकून गेलास. दीड-दोन महिन्यांनी पाणी बदलायला येतोस, टाकीपुढं बसतोस, जातोस.

तर त्या टाकीत दगडांच्या फटींतून फुलं उगवली आहेत. भुरकट रंगाची, काचेसारखा देठ, वर दोऱ्यांची झालर. जरा बोट लावलं की अंग चोरून आत जातात, कामाचं नाव काढल्यावर सून जाते तशी. (किंवा सुनेनं माहेरचं नाव काढल्यावर सासूचं तोंड होतं तशी. – आई) तू लावली नाहीस, मी लावली नाहीत. न लावता उगवतं ते तण. जन्मभर मी उसातली हराळी काढली आहे, मला कोण शिकवणार? पापडाचा चिमटा घेतला आणि बसले खुरपणीला. चिमट्यात आली ती उपटली, नाही आली ती नखानं खुडली, उरलेली सुरीनं तासली. शांतेनं टॉर्च धरला.

आठवड्यात एकाच्या जागी दहा. एवढं जोमदार पीक आपल्या रानात कधी आलं नव्हतं. पुढं काय करायचं ते कळव. सगळं नीट, सावकाश कळव. फोनवर नको, फोनवर तू घाईत असतोस.

तुझी अज्जी (खाली अंगठा आहे. शाई जास्त झाली, तो डाग नाही.)


चेन्नई
१८ मार्च २००६

ती. अज्जीस नमस्कार, शरणार्थी,

पत्र वाचून ऑफिसात ओरडलो. अज्जी, चिमटा ठेव! सुरी ठेव! त्या फुलांना ऐपटेशिया म्हणतात. ती झाडं नाहीत, प्राणी आहेत. दगडाबरोबर एखादं पिल्लू आलं असणार. त्याचा तुकडा केला की तुकड्याचं नवं फूल होतं. तू खुरपणी नाही केलीस, पेरणी केलीस.

हे तण वाईट असतं. त्याच्या झालरीला डंख असतो. शेजारची पोवळी त्यानं भाजतात, आक्रसतात आणि मरतात. माझी हिरवी बटणांसारखी पोवळी आहेत ना डावीकडं, ती आधी जातील. औषध घालायचं तर बाकीचेही मरतील. यावर उपाय एकच. तणाला खाणारा सोडायचा.

एक कोळंबी असते, अंगावर तांबड्या रेघा, ती ऐपटेशिया आवडीनं खाते. इथं एका दुकानदाराकडं आहे. सोमशेखरमामा गुळाच्या व्यवहाराला इथं आलाय, त्याच्याबरोबर चार पाठवतो. पिशवी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग हळूहळू टाकीतलं पाणी पिशवीत घाला, आणि मग सोडा.

एक चांगली बातमी. वारणानगरचे एक दाताचे डॉक्टर टाकी घ्यायला तयार आहेत, दवाखान्यात पेशंट बसतात तिथं ठेवायला. अट एकच, तणाचं एकही फूल दिसता कामा नये. त्यांच्या मित्राची टाकी अशीच गेली. तेव्हा तण संपलं की तुझी सुटका. मलाही सारखं बसनं यायला नको. तुझे किती हाल होतात ते मला कळतं गं.

तुझा वीरेश


कळंबा
११ एप्रिल २००६

चि. वीरेश,

तुझं पत्र दोन पानी. शांतेनं दोनदा वाचलं, मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. (चार वेळा. – आई) टाकी विकायची म्हणतोस. विक.

आता कोळंबीचं ऐक. आपण लिंगायत, आपल्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, आणि तू सख्ख्या मामाच्या मांडीवर बसवून कोळंबी धाडलीस. सोमशेखर बंगळूरला गाडी बदलून रात्रभर थर्माकोलचा खोका पोटाशी धरून आला. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, काय हाय त्यात?" हा खरं बोलणारा माणूस, म्हणाला, "कोळंबी." मागच्या सीटवरचा म्हणाला, "मग रातच्याला आमी तुमच्याकडंच."

तुझ्या बापानं, अण्णासोनं, खोका बघितला आणि चप्पल न काढता सोप्यात उभा राहिला. "ह्या घरात एकतर मी ऱ्हाईन, न्हाईतर ती." मी म्हटलं, "ती चार हाईत, तू एकटा हाईस. बघ बाबा." मग त्याला समजावलं, की ही खायची कोळंबी नव्हे, ही खायला आलेली कोळंबी आहे. भांगलणीला, तण काढायला, बायका आणतो ना आपण? तशा ह्या पाण्यातल्या बायका. अण्णासो म्हणाला, "बायका काय पगार घेणार?" म्हटलं, "जेवणावर."

नेमके दुसऱ्या दिवशी मठातले स्वामी जेवायला यायचे होते. सोप्यात कोळंबी आणि पाटावर स्वामी, हे अण्णासोला सोसेना. त्यानं टाकीवर माझं इरकल पातळ पांघरलं. पण तुझा पंप बंद होईना. स्वामींचा पहिला घास झाला आणि पातळाखालून खुळखुळ, घरघर. दुसरा घास, पुन्हा घरघर. स्वामींनी हात थांबवला. "अण्णासो, पडद्याआड कोण आजारी हाय?"

मी म्हटलं, "आजारी न्हाय स्वामी, पावणं हाईत. मद्रासकडचं."

"मग त्यांचं जेवण झालं का?"

आता काय सांगू? म्हटलं, "त्यांचं आपलं चालूच असतं."

"बरं केलंसा," म्हणाले. "दाराशी आलेलं उपाशी राहायचं न्हाय." आणि शांतपणे पोळी मोडली. वीरेश, ते वाक्य मी पदराला बांधून ठेवलं आहे.

पण तुझे पावणे नालायक निघाले. हराळीकडं ढुंकून बघत नाहीत. रात्री बाहेर येतात आणि तुझी हिरवी बटणं कुरतडतात. चौघींच्या पाठीला कुबड आहे आणि नाक उंटासारखं वर. अशीच पाहिजे होती काय?

एप्रिलात वीज दुपारी जाते ती संध्याकाळी येते. पंप बंद पडला की तुझी आई ताकाची रवी घेऊन समुद्र घुसळते. अजून लोणी आलेलं नाही. (हात गेले. – आई)

उत्तर लवकर दे, पण थोडक्यात नको.

तुझी अज्जी


चेन्नई
२४ एप्रिल २००६

ती. अज्जीस शरणार्थी,

दुकानदारानं फसवलं. कुबडवाली ती दुसरीच जात, दिसायला तशीच, पण तण सोडून पोवळी खाते. तू कुबड ओळखलंस, मी रेघाच बघत बसलो. त्यांना जाळीनं काढून बादलीत ठेवा. कोल्हापुरातला माझा एक मित्र येऊन घेऊन जाईल, त्याच्या टाकीत पोवळी नाहीत.

आता मासा पाठवतो. पांढऱ्या अंगावर तांबूस पिवळे उभे पट्टे, शेपटीजवळ डोळ्यासारखा काळा ठिपका, तोंड लांब चोचीसारखं. फटीत चोच घालून तो ऐपटेशिया उपटून खातो. फक्त फार मानी असतो. डबीतलं खाणं खात नाही. तण नसेल तर उघडलेले शिंपले द्यावे लागतात, नाहीतर उपाशी मरतो. पण त्याची काळजी आपण कशाला करायची, तण संपेपर्यंत टाकी डॉक्टरांकडं गेलेली असेल.

आधीची पत्रं चाळून बघितली तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मी मार्चच्या शेवटी आलो तेव्हा तण डाव्या बाजूला होतं. परवा फोनवर आई म्हणाली, उजव्या कोपऱ्यात, तुझ्या खुर्चीच्या बाजूला, नवीन उगवलंय. तिथं दगडसुद्धा नाही, नुसती वाळू आहे. हे कसं?

वीरेश


कळंबा
१९ जून २००६

चि. वीरेश,

तण कुठं उगवावं ते तणानं ठरवायचं. मी कोण?

तुझा मासा पोचला. त्याचं नाव मी चोच्या ठेवलं. पहिले चार दिवस हा दगडामागं तोंड लपवून. मी म्हटलं, सासुरवाडीला पहिल्यांदा आलेला जावई आहे, आग्रह केल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि "घ्या, घ्या," म्हणत राहिले. पाचव्या दिवशी चोच फटीत गेली आणि हराळीचं एक फूल मुळासकट तोंडात. नंतर बाबानं मान वर केली नाही. हिरवी बटणं पुन्हा फुलली. अण्णासो दुकानातून आला की पहिल्यांदा विचारतो, "आज किती खाल्लं?" स्वतःच्या पोरानं खाल्लं की नाही हे त्यानं उभ्या जन्मात विचारलं नव्हतं.

आता सगळ्या टाकीत औषधाला हराळी नाही. डॉक्टरला सांग.

तू मे महिन्यात आला नाहीस. तण कमी झालं, पाणी आई बदलते, तेव्हा यायची गरज उरली नाही हे फोनवर तिला सांगितलंस. बरोबर आहे. कळंब्याच्या जेलात कैद्यांनासुद्धा भेटीचा दिवस असतो, पण ते गुन्हे करून आत गेलेले असतात. मी काही केलेलं नाही.

(यंदा कैरीचं लोणचं घातलेलं नाही. अत्ती म्हणतात मोठ्या बरणीला तडा गेला. मला बरणी दिसलेली नाही. आणि त्या सकाळी कोवळं ऊन खायला गच्चीवर जातात ते तासभर येत नाहीत. जाताना माशांच्या खाण्याची डबी नेतात. विचारलं तर म्हणतात चिमण्यांना घालते. – आई)

काय लिहिलंस गं एवढं लांब? (अत्तींना बरं आहे म्हणून लिहिलं. – आई)

तुझी अज्जी


चेन्नई
१५ जुलै २००६

ती. अज्जीस शरणार्थी,

शाब्बास! चोच्या आणि तू, दोघांनी मैदान मारलं. डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी बंद असतो. ते १४ ऑगस्टला माणसं आणि टेम्पो घेऊन येतील, टाकी बघतील आणि तशीच उतरवून नेतील. सगळं तेच करणार आहेत, त्यामुळं मला रजा काढायला नको. चोच्याही त्यांच्याबरोबर जाईल. पोवळी झाकू नका, लाईट चालू ठेवा, म्हणजे चांगली दिसतील.

तू इतके महिने एवढं केलंस. आता सोप्यात तुला पाय पसरायला जागा होईल. त्या जागी तुला एक आरामखुर्ची घेऊन देतो.

घाईत आहे. बाकी रविवारी फोनवर.

वीरेश


कळंबा
१६ ऑगस्ट २००६

चि. वीरेश,

तुझं मागचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. शांतेनं वाचलं आणि संपलंसुद्धा. मी पाठपोट करून बघायला लावलं.

तुझे डॉक्टर आले. चांगला माणूस. मला हसताना बघून म्हणाला, "आज्जी, कवळी करून देऊ का?" मी म्हटलं, "आधी समुद्र बघा."

बघितला. बाबा, काय सांगू तुला. सकाळी उठून बघते तर सगळीकडं हराळी. दगडावर, वाळूत, काचेला, पंपाच्या तोंडावर. सगळ्यात मोठं फूल पुढच्या काचेवर बरोब्बर मधे, मुंडावळ्या बांधल्यासारखं. डॉक्टर दोन पावलं मागं सरकला. टेम्पोतली माणसं उतरली होती, ती पुन्हा चढली. चहा घेतला मात्र, सोडते काय मी. लोणचं नव्हतं म्हणून थालीपीठ दह्याबरोबर दिलं.

तो म्हणाला, "मासा असताना हे झालं कसं?" मी म्हटलं, "श्रावणी सोमवार हाय डॉक्टर. मासा उपाशी हाय आज." त्यानं माझ्याकडं बघितलं, चोच्याकडं बघितलं, आणि नमस्कार करून गेला.

तूच विचार कर. आपल्या घरात आलेला जीव आपलंच काम करता करता बेरोजगार झाला. हराळी संपल्यापासून चोच्या डबीतल्या खाण्याकडं पाठ फिरवतो. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरच्या दवाखान्यात त्याला कोण विचारणार? तिथं आलेली सगळी माणसं तोंड धरून बसलेली. स्वामी म्हणाले ते मी विसरले नाही. आता हराळी आली, देवाची कृपा. कालपासून तो जेवतो आहे.

(कैरीची बरणी सापडली. गच्चीवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागं, उन्हात. तडाबिडा काही नाही. आत खारं पाणी, आणि तळाला उरलेली पाच-सात फुलं. सोमवारी पहाटे अत्ती बरणी घेऊन खाली उतरताना तुझ्या बाबांनी बघितलं. ते म्हणाले, "मला काय म्हाईत न्हाय," आणि दार धरून उभे राहिले. – आई)

शांते, झालं का? पाकिटात घाल.

तुझी अज्जी


चेन्नई
२८ ऑगस्ट २००६

प्रिय अज्जी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिलं रागाचं होतं, ते फाडलं.

ऐपटेशिया बरणीत आपोआप महिनोन्‌महिने जगत नाही. पाणी आटलं की गोडं पाणी घालावं लागतं. खाणं घालावं लागतं. एप्रिलमध्ये उजव्या कोपऱ्यात, वाळूत, तण उगवलं नव्हतं, कुणीतरी लावलं होतं. मी चेन्नईत बसून तण मारायच्या युक्त्या लिहून पाठवत होतो आणि त्याच तणाला तू रोज सकाळी गच्चीवर जेवायला घालत होतीस. का, ते विचारायला मी बसलो आणि माझ्याच लक्षात आलं.

मी यायचो तेव्हा पाणी बदलता बदलता मी जे बोलायचो, साहेबाबद्दल, मेसच्या सांबाराबद्दल, ते मला वाटायचं मी टाकीशी बोलतोय. तू शेजारच्या खुर्चीवर असायचीस. मान हलवायचीस.

डॉक्टरांना टाकी विकायची नाही म्हणून कळवलंय. दसऱ्याचं तिकीट काढलंय. आणि ऐक, तण असो वा नसो, मी येईन. त्यासाठी बरणीची गरज नाही. आईला तिचं लोणचं घालू दे.

तुझा वीरेश


कळंबा
७ सप्टेंबर २००६

चि. वीरेश,

पुन्हा दोन पानी. तब्येत बरी आहे ना तुझी?

तू बरंच काय काय लिहिलंस. बरणीत बी धरून ठेवलं म्हणतोस. बी सगळेच शेतकरी धरतात, त्यात विचारायचं काय? आणि टाकीशी बोलायचास ते सगळं टाकीच्या लक्षात आहे. ती म्हणते, साहेबाला उत्तर दिलंस ते बरं केलंस, पण सांबारात गूळ घालायला सांग, इथला.

तण नसलं तरी येईन म्हणतोस. कबूल. तुझ्यावर विश्वास आहे. लोणच्याला मी दुसरी बरणी आणली. (म्हणजे पहिली अजून गच्चीवरच आहे. – आई)

अण्णासो आता दुकानातून येताना सोप्याच्या दारातून "चोच्याऽ" म्हणून हाक मारतो. मासा वळतो. परवा स्वामी आले तर पातळ पांघरलं नाही. त्यांनी टाकी बघितली, हसले, म्हणाले, "हेच का ते मद्रासकडचं पावणं?" म्हटलं, "त्यातलं कामाचं हे एकटंच निघालं." त्यांनी पुन्हा तेच विचारलं, जेवण झालं का. मी म्हटलं, बेताचंच होतंय.

ते खरंच आहे. हराळी पुन्हा कमी झाली आहे, बरणीतली पुरवून पुरवून घालते. दसऱ्यापर्यंत निभेल. पुढं त्याला शिंपले लागतील, हे तूच लिहिलंस. ते सोमशेखरकडं देऊ नकोस, त्याला कंडक्टर विचारेल आणि तो खरं सांगेल. पार्सलनं तर मुळीच पाठवू नकोस. तसली वस्तू मी हातात धरणार नाही, शांता धरणार नाही, आणि अण्णासोचं माशावर कितीही प्रेम असलं तरी तो अंघोळ करून पुन्हा अंघोळ करेल. तू स्वतः घेऊन ये आणि स्वतःच्या हातानं घाल. आणि एकदम पोतंभर आणू नकोस. तुझ्या पुढच्या खेपेपर्यंत संपतील, एवढेच आण.